दोन चमचे विरजण

वेलिच्का आली तेव्हा मी एका मिक्सरचं पोट उघडून बसलो होतो.
पिशवीतून तिनं तबकडी काढली, रुमालात गुंडाळलेली,
टोरांटोहून लेकीनं पाठवलेली.
वेष्टनावर आमचाच रोदोपी डोंगर,
पुढे लोकरी एप्रनमधल्या सात बाया.
"डावीकडून तिसरी," ती म्हणाली, "आई माझी."

एकाहत्तर साली कुणी परदेशी आले होते, कॅमेरा घेऊन.
आठ दिवस राहिले, कोकरू खाल्लं,
गाणी भरून नेली.

घरच्या यंत्रात घातली तर पडद्यावर एकच ओळ:
ही तबकडी तुमच्या विभागात चालणार नाही.
"विभाग म्हणजे काय रे, ओग्न्यान?
गाणं तर खालच्या पाणवठ्यापाशी म्हटलं होतं."
सगळ्या आनंदावर विरजण पडलेलं.

मी सांगू लागलो,
की त्यांनी जगाचे तुकडे पाडलेत, प्रत्येकाला आकडा दिलाय,
आपला दोन, टोरांटोचा एक;
की तबकडी तुझी, किल्ली त्यांच्या कनवटीला;
की कुलूप उघडणं सोडच,
ते कसं उघडतं हे दुसऱ्याला सांगणंही
कुठे कुठे गुन्हा आहे.
नातवाचं ऐकावं तसं ती ऐकत होती.
"म्हणजे आई माझी, नि दार त्यांचं."
हो.
एवढंच.

माझ्या जुन्या संगणकाचा पंखा घरघरतो.
त्यात एक छोटा प्रोग्राम आहे, कुठल्या गावचा माहीत नाही.
माथ्यावर सहा-सात नावं, त्यातलं एक नुसतंच 'घुबड'.
आत उतरून ओळ न् ओळ वाचता येते.
एकदा मीही त्यात एक चूक दुरुस्त केली होती,
एकशे बाराव्या ओळीत, एक अल्पविराम.
कुणाकुणाच्या घरी असेल तो आता.

पडदा उजळला.
तिसरी बाई गाऊ लागली, आणि दुसऱ्या कडव्यात
अडखळली, हसली, तोंडावर हात नेला.
राहिलेली ओळ वेलिच्कानं पुरी केली,
उघड्या मिक्सरच्या कडेवर बोट ठेवून, अगदी हळू.
यातलं मूळ कोणतं नि नक्कल कोणती,
यंत्राला विचारावंसं वाटलं.

"किती झाले?"
प्रोग्रामचे काही नाहीत.
"फुकट?"
फुकट नव्हे गं, मोकळा.
बरंय, आपल्या भाषेत दोन शब्द आहेत.
माझ्या वेळेचे मात्र पाच लेव्हा दे.

दिले नाहीत.
दुसऱ्या दिवशी गाडगं घेऊन आली, मेंढीच्या दुधाचं दही.
विरजण आईचं, आईच्या सासूचं,
त्याआधी कुणाचं, कुणालाच ठाऊक नाही.
"सगळं खाऊन टाकू नकोस," दारातून ओरडली,
"दोन चमचे ठेव.
आणि खालच्या त्या भांडखोर त्स्व्यात्कोलाही दे,
त्याचं गेल्या आठवड्यात नासलं."

मिक्सर अजून उघडाच आहे.