फॉल्ट

"गार लागेल हं," म्हणाली डॉक्टर परकार
आणि घोट्याच्या आतल्या अंगाला जेल ओतलं.
मी वाट बघत राहिलो गारव्याची.
तो आला नाही.

परळच्या हॉस्पिटलातलं तळघर.
दिवे मालवलेले, उजेड फक्त पडद्याचा.
चौतीस वर्षं जमिनीखालच्या कामात गेली,
मला तळघराचं काही वाटत नाही.

तिनं यंत्राचं तोंड टेकवलं, जरासं तिरकं केलं.
"ही धडधडतेय ती रक्तवाहिनी.
तिच्या शेजारी, ही नस.
आडव्या छेदात मधाच्या पोळ्यागत दिसते.
दिसायला हवी."
मधुमेहवाल्याला पोळं दाखवते पोरगी!
मी हसलो, पाय हलला,
पडद्यावरची नस निसटली, तिनं पुन्हा शोधली.

मला पोळं दिसेना. केबल दिसली.
करवतीनं कापल्यावर असतं ते तोंड:
गाभे, गाभ्यांभोवती कागद, कागदावर शिसं.
पण ही फुगलेली. कडा पुसट,
एक गाभा दुसऱ्यात उतरलेला.
"पाणी शिरलंय," मी म्हणालो.
ती नसेभोवती ठिपक्यांचं कुंपण घालत होती.
"एकवीस चौरस मिलिमीटर. बाराच्या आसपास असती तर बरं."
"म्हणजे पाणीच."
"साखर," ती म्हणाली.

मग सांगितलं तिला.
केबल कुठं मेली ते कळायला
सबस्टेशनातून दाब सोडायचे, दर चार सेकंदांनी एक ठोका,
आणि रात्री दोनला, वर्दळ निवली की
हिंदमातापासून मी चालत निघायचो,
कानाला हेडफोन, हातात जमिनीचा मायक्रोफोन.
तो बहुतेक बिघडलेलाच असायचा.
मग बूट काढायचे.
डांबरानं दिवसाचं ऊन धरून ठेवलेलं,
आणि कुठल्यातरी एका पावलाखाली
धप्प.
"इथं खणा."
तोरसकर मुकादम म्हणायचा,
घाडीचे तळवे खात्याच्या मालमत्तेत लिहून घ्या रे.

तिचा हात थांबला. "आणि आता?"
आता, मार्गशीर्षात, टाचेत चूक घेऊन दोन दिवस हिंडलो.
इंदूनं लादीवरचे ठसे पुसले
आणि मग विचारलं, कुणाचं रक्त?

"हा जॉइंट नव्यानं मारता येतो का?"
"नाही. साखर आवरलीत तर पुढं सरकणार नाही.
कदाचित.
रोज रात्री तळवे आरशात बघायचे."

जेल पुसायला कागद दिला.
पुसलं, आणि पुसलं गेलं का ते डोळ्यांनी पाहून घेतलं.
दारापाशी पोचलो तर मावशी ओरडली,
"आजोबा, एक चप्पल इथंच राहिली!"

बाहेर फुटपाथ खणलेला.
खड्ड्यात दोन पोरं, केबल उघडी,
एक जण मोबाइलच्या उजेडात शिसं सोलतोय, चुकीच्या बाजूनं.
बोलावंसं वाटलं. बोललो नाही.
काठापासून वीतभर मागं सरलो
आणि पायांकडे बघितलं,
नव्या भरतीच्या पोराकडे मुकादम बघतो तसं:
येईल कामाला,
पण एकटं सोडायचं नाही.