दुधाची वही

तीन वेळा पट्टी काढली. तिन्ही वेळा नॉर्मल.
पट्ट्यावर पळवलं, रंग सोडून नळ्या बघितल्या.
राजारामपुरीतले मोठे डॉक्टर म्हणाले,
मिस्त्री, हृदय घोड्याचं आहे, काळजी सोडा.
तुम्ही घरी येऊन गप्प बसलात.
छाती दुखायची ती दुखतच होती,
पहाटे चारला, डाव्या बाजूला,
कुणी ऐरण ठेवून विसरून गेल्यागत.

वन्सं म्हणाल्या, नजर. फाउंड्रीतले म्हणाले, गॅस.
दुखण्याला कागद नसला
की माणूस स्वतःलाच खोटा वाटायला लागतो.

मला तुमची रात्र ठाऊक होती.
उद्यमनगरातली दुसरी पाळी सुटली
की तासाभरात घोरणं सुरू,
खालच्या मगदुमांच्या खोलीपर्यंत.
त्याचं काही नाही.
भ्या वाटायचं ते घोरणं थांबल्यावर.

मी मोजायची.
अंधारात, घड्याळाच्या टिकटिकीवर.
अकरा. सतरा.
एकदा एकतीस.
मग पंचगंगेच्या घाटावर म्हैस
पाण्यातनं नाक वर काढते तसे
तुम्ही फुत्कारायचा,
आणि मी दुधाच्या वहीत मागच्या पानावर
एक रेघ ओढून कुशीवर वळायची.

कुणी विचारलंच नाही.
ती नवी पोरगी, डॉक्टर अश्लेषा चौगुले,
तुमची फाईल मिटून माझ्याकडं बघत म्हणाली,
झोपेत श्वास अडकतो का हो यांचा?
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
माझ्या जागरणाला कुणी साक्षीला बोलावलं.
मी पिशवीतनं वही काढली.

ती म्हणाली, श्वास अडला की रक्तातला प्राणवायू उतरतो,
हृदय रात्रभर चढ चढत राहतं.
दुखणं तिथनं येत असेल. नसेलही. तपासूया.

रिक्षात तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत.
दाभोळकर कॉर्नरला सिग्नल लागला तेव्हा म्हणालात,
म्हणजे ब्लो-होल.
कास्टिंग वरनं चकचकीत, मापात बसलेलं,
आत हवेचा फोड.
बघून दिसत न्हाई. ठोकून, कान लावून ऐकाय लागतंय.
मी कान लावूनच होते, हे मी म्हटलं नाही.

आता उशाशी यंत्र, नाकावर मुखवटा.
पहिल्या रात्री ओरबाडून काढलात.
दुसऱ्या रात्री म्हणालात, कॉम्प्रेसरचं प्रेशर चुकलंय,
आणि पट्टा स्वतःच्या हातानं बसवून घेतलात.
महिना झाला. ऐरण रोज येत नाही.
येते कधी कधी, पण हलकी.

मला मात्र चारला जाग येतेच.
एक, दोन...
पुढं मोजावं लागत नाही,
तरी ओठ हलत राहतात.

परवा दूधवाल्या बाबूनं वही उलटीकडनं उघडली.
वैनी, ह्या रेघा कसल्या?
एवढं दूध मी घातलंय व्हय?
न्हाई रे, म्हटलं,
ते खातं माझं.