एकेचाळिसावा लेयर

अशोक चौकाच्या अलीकडे, मैनोद्दीनभाईंच्या दुकानात,
माझ्या मशीनवर एक फाइल आहे
वीस बाय दहा फुटांची.
सगळ्यात खाली आकाश. ते कुणाचंच नाही,
चार वर्षं तेच वापरतेय.
त्यावर झेंडू, त्यावर पिवळा उजेड,
मग भाऊ, कमरेपर्यंत, हात जोडून,
आणि भाऊंचे पाय यायला हवेत तिथं
शुभेच्छुकांचा ग्रुप.
त्रेसष्ट डोकी, प्रत्येक डोकं वेगळा लेयर,
प्रत्येकाला नाव दिलंय मी,
नाहीतर ऐन रात्री फोन येतो,
"तो गॉगलवाला जरा वर घे"
आणि गॉगलवाले एकोणीस.

ग्रुप असला की बरं पडतं.
एकाला ओढलं की सगळे सरकतात.
भाऊंनी पक्ष बदलला तेव्हा
मला दहा मिनिटं लागली,
त्यातली सात चहाला.

कुणाला काढून टाक म्हणाले तर मी काढत नाही.
नावाशेजारचा बारका डोळा मिटते.
माणूस फाइलीत असतो,
दिसत नाही, इतकंच.
फाइल दीड जीबीची झालीय, सेव्ह होताना मशीनला धाप लागते.
मैनोद्दीनभाई म्हणतात, बिनकामाचे लेयर उडव की गं.
हो म्हणते.

नायना चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचे.
चौकटीचा कागद, टोकदार पेन्सिल,
भरली चौकट म्हणजे धागा वर,
रिकामी म्हणजे खाली.
एकदा त्यांना लेयर दाखवले.
बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले,
चादरीतपण दोन थर असतात,
पण कायमचा वरचा कुणी नसतो.
जिथं दोघं जागा बदलतात
तिथं फूल येतं.
उलटी करून बघ, तेच फूल, रंग उलटा.
तुझ्या भाऊंना उलटं कर, बघू काय येतं.

परवा दुपारी, लाइट नुकती आली होती,
एक बाई दारात. बोटांना तंबाखूचा वास.
"आमच्या रेवणसिद्धाचा फोटो हाय म्हणे तुमच्याकडं."
त्याचा फोन त्याच्यासोबतच कालव्यात गेला.
घरी एकच, शाळेतला, पुढचा दात नसलेला.

रेवणसिद्ध. वरून एकेचाळिसावा.
मागच्या साली भाऊंशी बिनसलं
तेव्हा मीच मिटला होता त्याचा डोळा.

उघडला.
बाकीचे बासष्ट एकेक करून बंद केले,
ग्रुपवर एक क्लिक पुरली नसती, तोही गेला असता.
मग भाऊ. झेंडू. उजेड. आकाश.
तो एकटा उरला.
खांद्यावर कुणाचा तरी हात, मनगटापुरता,
कापताना तसाच ठेवलेला,
कारण हाताखाली शर्ट नव्हता.
आणि मागं करड्या-पांढऱ्या चौकटी,
म्हणजे मागं काहीच नाही.

बाईंनी स्क्रीनला बोट लावलं.
"ही चौकड्याची चादर कुठली?"

मागं काय टाकू, मी विचारलं,
ढग आहेत, समई आहे,
श्रद्धांजलीचा तयार ग्रुपच आहे, दीडशे रुपये.
बोलून गेले आणि जीभ चावली.

"चादर राहू दे की.
आन् त्यो हातबी."

त्या चौकटी छापल्या जात नाहीत.
कागदावर तिथं कोरं येतं.
सांगावं की नाही, या विचारात
मी एक नवा लेयर घेतला, सगळ्यात खाली,
आणि चौकटी भरत बसले
एक भरलेली, एक रिकामी,
बाई स्टुलावर, पदर तोंडाशी.

मैनोद्दीनभाई मागून म्हणाले, "काय करलालीस?"

ग्राफ, म्हटलं.