सापसणीचा रकाना

वर्तकनगरच्या नाक्यावर देवकी वरठा
पळसपानांच्या गठ्ठ्यांमागे बसते.
मार्चमध्ये तिने माझ्या तळहातावर ठेवलं
एक सुकून उकललेलं बोंड :
सहा दोऱ्यांनी टांगलेलं इवलं शिंकं,
आत बियांच्या चळती,
चपट्या, त्रिकोणी, कांद्याच्या सालीइतक्या हलक्या.
“सापसण,” ती म्हणाली.
“साप चावला की मुळी उगाळायचे आमचे म्हातारे.”
आणि आता?
“आता रिक्षा. सिव्हिलला.”

हसले असते तर उडाल्या असत्या.
घरापर्यंत मूठही मिटली नाही, तोंड मात्र मिटलं.

वागळे इस्टेटीतल्या औषध कंपनीत
एकतीस वर्षं मी गोळ्या विरघळवल्या.
पंधरा मिनिटांत विरघळली : पास.
नाही विरघळली : नापास.
निरोपाला घड्याळ मिळालं,
मी एक कोरं रजिस्टरही मागून घेतलं.

दिवस पहिला. चाळीस बिया, स्टीलची वाटी, कोमट पाणी.
सगळ्या तरंगतात. चहाची गाळणी पालथी घालून बुडवल्या.
दिवस तिसरा. ओल्या टिश्यूवर आडव्या,
फरसाणाच्या डब्यात. डबा राउटरवर,
चोवीस तास ऊबदार असं घरात तेवढंच.
“आणि तुझं डोकं,” कुंदा म्हणाली.
बहीण आहे. मालिका अडकली की डब्याकडे बघते.

दिवस अकरावा. बुरशी. नऊ बाद.
दिवस विसावा. काही नाही.
दिवस एकतिसावा. काही नाही.
दिवस अडतिसावा. कुंदाने डबा फरसाणासाठी मागितला.

पास लिहावं असं काही नव्हतं,
नापास लिहायला हात धजेना.
पट्टी घेतली, पेन्सिलीने
तिसरा रकाना आखला
आणि त्याला मथळा सुचेना.

दिवस त्रेचाळिसावा.
एका बीच्या टोकातून पांढरं काहीतरी,
तांदळातल्या कणीएवढं.
मी चष्मा पुसला. कणी तिथेच.
कुंदाला हाक मारली. ती लाटणं हातात घेऊनच आली,
बराच वेळ वाकून राहिली,
मग म्हणाली, “एवढंच?”
पण त्या दिवसापासून फरसाण बरणीत.

चाळीसातून तीन. त्यातून एक जगली.
आईस्क्रीमच्या डब्यातून खिडकीच्या जाळीवर चढली,
श्रावण लागेपर्यंत सात पानं.
रोज मोजायचे. सात. परत सात.

आणि एका दुपारी ती आली,
काळी, पोट कुंकवासारखं लाल,
चौथ्या मजल्यापर्यंत, पत्ता विचारत विचारत आल्यासारखी.
पानाला पायांनी चाचपलं.
पानामागे एक नारिंगी ठिपका ठेवला, निघून गेली.

“पुसून टाक,” कुंदा. “पाच महिने घालवलेस.”
पाच महिने मी कशासाठी घालवले होते,
हे मलाही तेव्हाच नीट समजलं.

मग सात. साडेसहा. चार.
मखमली काळसर अळी, कमरेला पांढरा पट्टा,
घाई नाही, उसंतही नाही.
दोनवर आलं तेव्हा मी नाक्यावर धावले.
देवकीने टाकळ्याच्या जुड्या बाजूला सारल्या,
सगळं ऐकून घेतलं.
दुसऱ्या दिवशी येऊरहून सापसणीची पानं, ओल्या फडक्यात.
पहिल्या दिवशी फुकट.
नंतर दहा रुपये.
“खाणारं तुमच्या घरातलं,” ती म्हणाली.
बरोबरच होतं.

एका सकाळी अळी जाळीवर नव्हती.
कपाट ओढलं, गादी झटकली, केरसुणी लपवून ठेवली.
संध्याकाळी सापडली : राउटरच्या वायरीला,
कमरेभोवती एक धागा, मान मागे टाकून,
अर्धी कोष झालेली.

गुरुवारी इंटरनेट बंद पडलं.
शुक्रवारी मुलगा आला, पाठीवर बॅग, हातात नवी वायर.
मी दार उघडायच्या आत
कुंदा उंबरठ्यावर उभी.
“दहा-बारा दिवसांनी या,” ती त्याला सांगत होती,
“सध्या जमणार नाही.”
त्याने कारण विचारलं.
ती माझ्याकडे वळली,
मी रजिस्टरकडे.

खिडकीत वेल नुसती काडी,
तिसऱ्या पेरावर काहीतरी हिरवट,
असेल, किंवा नसेलही.