तेराव्या मात्रेवर

परकारने ती आणली टिलबरीच्या गोदीतून,
लुंगीत गुंडाळून, साबणाच्या वड्या आणि
बहिणीसाठी घेतलेल्या नायलॉनच्या साडीखाली.
इंजिनरूममधला तेलवाला तो, संगीताशी देणंघेणं नाही.
"दुकान बंद होत होतं," म्हणाला, "फुकटात जमली.
तुझ्या त्या जाड तारांच्या गिटारचा फोटो आहे मागे."

फोटो होता. विटांच्या भिंतीला टेकून पाच पोरं,
तीन गोरी, दोन काळी, सगळी थंडीने आखडलेली,
आणि बासवाल्याच्या बुटाची नाडी सुटलेली.
बँडचं नाव कसर खाऊन गेली होती,
शेवटची दोन अक्षरं उरली : टन.
आम्ही त्यांना टन म्हणायचो.
पहिलीच रेकॉर्ड त्यांची. मागच्या बारीक अक्षरांवरून लागलं ते,
आईचे आभार, व्हॅन उसनी देणाऱ्याचे आभार.
दुसऱ्या रेकॉर्डला कोण आईचे आभार मानतं?

माझगावात, म्हातारपाखाडीत, हॉरेस परेराच्या
मागच्या खोलीत प्लेअर होता.
दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. शब्द नाहीत त्यात.
बास असा येतो, जणू कुणी जिना उतरताना
मधूनच एखादी पायरी गाळतंय
आणि पडत नाहीये.
मी सुई उचलायचो, मागे ठेवायचो.
उचलायचो, मागे ठेवायचो.
हॉरेसची आई आतून ओरडायची,
"अरे, त्यांना पुढे जाऊ दे की जरा!"

बोटाला फोड आला, फुटला, घट्टा पडला.
तोवर रेकॉर्डला चरा पडला होता.
सोळा मात्रांची ओळ, पण तेरावीनंतर
सुई टुणकन उडायची, वर चार आण्याचं नाणं ठेवलं तरी,
आणि सॅक्सोफोन दार न वाजवता थेट आत.

आम्हांला वाटलं, असंच आहे ते.
विलायतेत असंच वाजवत असणार.
नंदू कासले सहा महिने तेरा मोजत बसला,
कॅरमवर, पत्र्याच्या डब्यावर, धाकट्या भावाच्या पाठीवर.
"तेराव्याला लोक जेवतात," म्हणायचा,
"आपण उडी मारायची."

आणि मारली.
काळाचौकीच्या मैदानात, पूजेनंतरच्या ऑर्केस्ट्रात,
गायिका साडी बदलून येईपर्यंत
आम्ही टन वाजवायचो.
पुढच्या खुर्च्यांवर टाळ्यांचा ठेका धरणारे
तेराव्या मात्रेवर हमखास गडबडायचे,
हात हवेत राहायचे,
आणि आम्ही तिघे एकमेकांकडे बघायचो.

त्या बघण्यावर मी पुढची बत्तीस वर्षं काढली.
लग्नं, हॉटेलं, साखरपुडे,
एका अमुक शेठच्या कुत्र्याचा वाढदिवससुद्धा.

परवा भाचीने फोनवर शोधून दिलं.
बँडचं खरं नाव कळलं. सांगत नाही,
टनच बरं होतं.
नाडी अजून सुटलेलीच.
बास आला, जिना उतरला,
अकरा, बारा, तेरा,
चौदा.
पंधरा.
सोळा.

काय होतं त्या तीन मात्रांत?
काहीच नाही. बासवाला थांबलाय.
थाळीवर हलकीशी एक काडी,
आणि कुणीतरी श्वास घेतल्याचा आवाज,
सॅक्सवाला असेल, फुंकण्याआधीचा.
एवढाच ऐवज, चाळीस वर्षं चऱ्याखाली.

हॉरेस पर्थला गेला, तिथेच मातीत गेला.
नंदूला फोन लावला, नालासोपाऱ्यात.
सगळं ऐकून घेतलं त्याने.
"चुकले रे ते," म्हणाला.
मग बराच वेळ बोललाच नाही.
पलीकडून फक्त बोटं ऐकू येत होती
कशावर तरी, फ्रिजच्या दारावर असावीत,
तेरापर्यंत,
पुन्हा तेरापर्यंत,
आणि मग, चाचपत,
चौदा.