हिरवा ठिपका

लाल दिव्याची खोली, रात्रीचे सव्वादोन.
उंदराच्या मेंदूची चकती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी,
अजून जिवंत, मिठाच्या कोमट पाण्यात.
काचेची बारीक नळी एका पेशीला टेकवून
मी श्वास धरून बसते,
झोपलेल्या तान्ह्याची नाडी कुणी बघावी तशी.

औषध असं: सरळ आहे तोवर बिनकामाचं.
जांभळा उजेड पडला की कमरेत वाकतं
आणि वाकल्यावरच बसतं ग्राहीच्या खाचेत.
दार उघडतं, क्षार आत धावतात,
पडद्यावरची रेघ दरीत उतरते.
हिरवा दिला की पुन्हा ताठ, बाहेर.
एवढंच. दोन रंग आणि एक बिजागरी.

माझे बाबा, वुब्बो, ग्रोनिंगनच्या कालव्यावर
एकतीस वर्षं पूल उचलायचे.
गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून
खालच्या नावेपर्यंत सोडायचे,
नाणं पडलं की बूट खळ्ळकन वाजायचा.
लहान होते तेव्हा मी म्हटलं होतं,
भोंग्याने पूल उघडतो ना?
नाही सीत्स्के, मी उघडतो.
भोंगा फक्त विचारतो.

तीन आठवडे हेच डोक्यात घोळत होतं. कारण
जांभळा देऊन मी दार उघडायचे
आणि ते माझी वाट न बघता
आपसूक मिटायचं. चार मिनिटांत. दर वेळी.
टोमासो म्हणाला, रेणू बिघडला.
प्राध्यापकबाई म्हणाल्या, चकती शिळी.
नवा रेणू घेतला, नवी नळी, नवा उंदीर.
उंदरांची आम्ही माफी मागत नाही,
वहीत आकडा लिहितो.
पाचशे सतरानंतर पाचशे अठरा.

आज पाठ भरून आली म्हणून खाली बसले, फरशीवर,
आणि टेबलाखालून वर पाहिलं:
पंपाच्या मागच्या अंगाला
तांदळाएवढा हिरवा दिवा.
"चालू आहे", एवढंच सांगणारा.
कुणी विचारलं नसताना
रात्रभर माझ्या रेणूंना सांगत बसलेला.

काळी चिकटपट्टी. दोन थर.
मग जांभळा. रेघ उतरली
आणि तिथेच थांबली. दहा मिनिटं. वीस.
मी कॉफी आणली, ती निवली, दार उघडंच.
मग हिरवा दिला.
मी दिला.

सकाळी सायकल काढून बाबांकडे गेले.
त्यांचा पूल आता कॅमेऱ्यावर चालतो,
दूरच्या कुठल्याशा इमारतीतून.
उजव्या हाताचंही तसंच काहीसं:
चमचा अर्ध्या वाटेत थबकतो,
हुकूम निघालेला असतो, तिकडे कुणी उचलत नाही.
सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले,
माझ्या डोक्यात कुठून शिरणार हा जांभळा?
कवटी जाड आहे, तुझी आई सांगायची.

नाही शिरत, बाबा, मी म्हटलं.
अजून तरी नाही.

बरं, म्हणाले,
आणि डाव्या हाताने
उजव्या हाताखाली बशी सरकवली.