उसवण

दोरा दातांनी तोडायचा
हे आपल्या दुकानात सगळ्यांना यायचं.
तुम्हाला नाही. मला नाही.
आपल्या दोघांचे पुढचे दात
कधी भेटलेच नाहीत, बाबा.
वरचे वर, खालचे खाली,
मध्ये करंगळी जाईल एवढी फट.
तुम्ही माझ्या मशीनला
लाल फितीने एक चिमुकली कात्री बांधून दिलीत
आणि म्हणालात, आपलं घराणं कात्रीचं.

गिमाराइंशमधल्या मक्याच्या पावाची साल
दगडी पायरीसारखी.
ती मी दाढेखाली, मान वाकडी करून फोडायचे.
आणि वर्गात नाव सांगायचे,
तेव्हा सेलेश्तमधला स
फटीतून वारा होऊन निघून जायचा.

डॉक्टर क्वींतेलाबाईंनी मातीचा साचा दाखवला.
आधी तारा, म्हणाल्या, दीड वर्ष.
त्यात चावा आणखी बिघडेल.
दात इतकी वर्षं कलून कलून
जबड्याची चूक सांभाळून घेत आलेत.
त्यांना सरळ उभं केलं
की चूक उघडी पडेल,
मगच ती कापता येईल.

मी हसले, सवयीने तोंडावर हात धरून.
हे मला कोणी समजवायला नको होतं.
चुकीच्या शिवणीवर इस्त्री फिरवून भागत नाही.
आधी उसवावं लागतं.

दीड वर्ष ओठांत टाचण्या धरता आल्या नाहीत,
तारेत अडकायच्या.
दोना एर्मेलिंदा मापं देताना म्हणाली,
या वयात, पोरी?
फट वाढत गेली.
करंगळीच्या जागी अंगठा जाऊ लागला.
तुमचा फोटो भिंतीवर, तसाच, ओठ न मिटणारा.

फेब्रुवारीत, पोर्तूमध्ये,
त्यांनी वरचा जबडा सोडवला,
मागच्या बाजूने पाच मिलिमीटर वर घेतला,
खालचा त्याला आणून जुळवला.
टायटेनियमच्या चार पट्ट्या, सोळा स्क्रू,
कागदावर लिहून दिलंय.
पाच मिलिमीटर.
एवढी चिंधी मी बाहीच्या कडेची
रोज केरात टाकते.

मग रबरांनी दोन्ही जबडे एकमेकांना बांधलेले.
आदेलिनो बटाट्याचं आणि हिरव्या पानांचं सूप
तीनदा गाळायचा, सिरिंजमध्ये ओढायचा,
गालाच्या कोपऱ्यातून सोडायचा.
नवव्या रात्री मी त्याच्याशी भांडले,
पाटीवर खडूने,
मीठ घालायला विसरलास म्हणून.
आयुष्यभर दातओठ खायची हौस होती मला,
आता दात बांधलेले
आणि ओठ बधिर.

खालचा ओठ अजून पुरता परतलेला नाही.
सूप ओघळलं, हे मला
ब्लाउजवर दिसतं तेव्हा कळतं.

सूज उतरली जूनमध्ये.
आरशात एक बाई उभी होती,
हनुवटी आईच्या माहेरची,
ओठ आपसूक मिटलेले.
बघितलं, दोन्ही बाजूंनी बघितलं.
तुम्ही कुठेच नव्हता.
मी ओठ उघडले, खालचा जबडा सैल सोडला,
तुमच्यासारखी फट करून पाहिली.
ती माझी वाटेना. नक्कल वाटली.

हे कोणी सांगितलं नव्हतं.
सांगितलं असतं तरी मी सही केलीच असती.

आई अजून जेवताना
माझ्या ताटात पाव तुकडे करून ठेवते.
चाळीस वर्षं दोघांसाठी मोडला,
हात थांबत नाही.
मीही तिला थांबवत नाही.

काल दुकान बंद करताना
एका मेजपोशाची कड संपवली.
गाठ मारली, आणि कापड
तोंडाजवळ कधी नेलं ते कळलं नाही.
टचकन तुटला दोरा.
जिभेवर तागाची तुरट चव,
थोडी मेणाची.

डॉक्टरबाईंना सांगू नका,
तारा निघायला अजून पाच महिने आहेत.

उरलेल्या अकरा गाठी
मी कात्रीनेच कापल्या.